उजव्या बाजूचा बिघाड

जुने स्पीकर दुरुस्त करायला मी शिकले ते उघडून, बिघडवून आणि पुन्हा उघडून. पण जमलं की नाही, हे बाबा ठरवायचे. उभा जन्म त्यांनी रेकॉर्डिंग स्टुडिओत काढलेला. त्यांनी पसंत केल्याशिवाय एकही जोडी माझ्या खोलीबाहेर जात नसे.

ही जोडी एका डॉक्टरीणबाईंची. पडद्यांच्या कडेच्या फोमचा हात लावताच भुगा होत होता, आतले कपॅसिटर वाळलेले. मी सगळं बदललं, मीटर लावून पाहिलं. संध्याकाळी बाई न्यायला येणार होत्या.

"उजवा मेलाय," मी गाणं लावताच बाबा खुर्चीतून म्हणाले. "झांज वाजतेय की उशी आपटतेय?"

मी दोन्ही स्पीकरांच्या डब्यांची अदलाबदल केली.

"अजून उजवाच."

मग अ‍ॅम्प्लिफायरकडच्या तारा बदलल्या.

"उजवाच!"

आई दारातून म्हणाली, "काल बोट दुखेस्तोवर बेल दाबत होते मी बाहेरून. आणि हे जागे!"

"ती बेलच मुळमुळीत आहे," बाबा म्हणाले.

मला मात्र दोन्हीकडचा आवाज सारखाच ऐकू येत होता; पहिल्या अदलाबदलीतच कळलं होतं. तरी मी मुकाट्याने उजवा डबा उघडायला घेतला. माझ्याकडे मीटर आहे. बाबांकडे कान सोडून होतं काय?

"ठेव तो स्क्रूड्रायव्हर."

बाबांनी खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले. "लाव."

मी लावलं. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"आता दुसरा मेला," ते हळू म्हणाले. "डबे हलले नाहीत, तारा हलल्या नाहीत. हललो फक्त मी. कधी कळलं तुला?"

"आत्ताच."

"खोटं बोललीस की तुझं नाक लाल होतं, लहानपणापासून."

"पहिल्यांदा डबे बदलले तेव्हा."

"आणि तरी त्या बिचाऱ्याचं पोट फाडत होतीस? सरळ म्हणायचं, बाबा, तुमचा फोम झडला."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही. बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

"पुरे. कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. पण डावा अजून शाबूत आहे. एकेक डबा आण इकडे."

पहिला त्यांना पटला. दुसऱ्याला डावा कान लावून त्यांनी डोळे मिटले. "पडदा घासतोय."

"मीटर तर म्हणतो..."

"मीटरला म्हणू दे. बोटांनी दाबून बघ."

मी आवाज बंद केला आणि चार बोटांनी पडदा अलगद आत दाबला. बारीक खरखर बोटांना लागली. फोम मीच केसभर तिरका चिकटवला होता.

बाईंना फोन केला, आज येऊ नका म्हटलं. ब्लेड घेऊन फोम सोडवायला बसले. बाबांनी खुर्ची उचलली, माझ्या उजव्या हाताला आणून ठेवली आणि डावा कान माझ्याकडे करून बसले.

"हं, आता बोल. कुठे कुठे धांदरटपणा केलास?"