तेरा पानं आणि एक बाप

थॉर्नकोट हाऊसचं छप्पर लुएलाच्या बापानं घातलं. शिशाचे पत्रे, ओकच्या तुळया, पन्हळी, सगळं नवं. आणि ते घातल्यापासून त्या घरातल्या एकाही माणसाच्या तोंडून छप्पर हा शब्द निघाला नव्हता. पाऊस आला की सगळे क्षणभर वर बघत, कोरडं आहे याची खात्री करून घेत आणि मग हवापाण्याचं बोलू लागत. उमरावांचं असंच असतं. ज्याचं खाल्लं त्याचं नाव घेतलं नाही, की खाल्लंच नाही असं त्यांना मनापासून वाटतं.

ऑरिन हॅस्केटचा ओहायोतल्या डेटनला बिडाच्या शेगड्या ओतायचा कारखाना. ऐन तारुण्यात तो स्वतः भट्टीपुढं उभा राहिला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून नखं नव्हती. त्याची एकुलती एक पोर दोन वर्षांपूर्वी अर्ल ऑफ थॉर्नकोटची बायको झाली. तिकडच्या वर्तमानपत्रांनी याला प्रेमविवाह म्हटलं. इकडच्या वकिलांनी काहीच म्हटलं नाही, फक्त सहीला कागद पुढं केले. घोडा विकत घेतात तेव्हा निदान दात तरी उघड बघतात.

नवरा मात्र वाईट निघाला नाही. जर्व्हेसला घोडे कळत, कुत्रे कळत, आणि बायको हळूहळू कळू लागली होती. आई त्याला फार लहानपणीच कळली होती, म्हणून तो तिच्याशी कधी वाद घालत नसे.

लग्नानंतर हॅस्केट पहिल्यांदाच पोरीच्या घरी आला तो नोव्हेंबरात, शिकारीचा हंगाम भरात असताना. घर पाहुण्यांनी गच्च भरलं होतं. ड्यूक ऑफ आर्डले आणि त्यांची डचेस, एक बिशप, एक बहिरा अॅडमिरल, त्यांच्या बायका, आणखी चारदोन मंडळी. त्या दिवशी संध्याकाळी आठला मोठं जेवण होतं.

चार वाजता सासूनं, म्हणजे थोरल्या लेडी थॉर्नकोटनं, लुएलाला आपल्या खोलीत बोलावलं. बाई टेबलावर ठेवायची नावाची कार्डं स्वतःच्या हातानं लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, तुझे वडील फार दमले असतील. इतके दिवस बोटीवर, मग आगगाडी. त्यांचं ताट त्यांच्या खोलीतच पाठवू. उतारवयात अशा प्रवासानंतर चारचौघांत रमवत नाही.

हॅस्केट या बाईंपेक्षा सहा वर्षांनी लहान होता.

लुएला म्हणाली, पपा दमलेले नाहीत, सकाळपासून तबेला, दूधघर, गिरणी, सगळं पायी बघून आलेत.

"अगं, माझं ऐक तरी," बाईंनी टाक खाली ठेवला. "टेबल चौदाचं झालंय. आणि त्यांना आत न्यायचं कसं? आपल्यात मानानं जोड्या लावून आत जातात, तुला ठाऊक आहे. त्यांना मान कुठला? सगळ्यांच्या शेवटी, एकटं चालत यावं लागेल बिचाऱ्यांना. त्यांचा अपमान होऊ नये म्हणून मी हे करतेय."

अपमान टाळायचा म्हणून माणूसच टाळायचा. ही अक्कल शिकायला पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात राहावं लागतं.

आणि खरं सांगायचं तर, ते ऐकून लुएलाला क्षणभर हायसं वाटलं. क्षणभरच. पपा गळपट्टीत रुमाल खोचून जेवतात, मोठ्यानं हसतात, भेटेल त्याला विचारतात की हे कशाचं केलंय नि कुठं केलंय. हे सगळं आज टळलं, असं तिच्या मनात येऊन गेलं. जिन्यापर्यंत पोचेतो मात्र तिच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या, आणि त्यातल्या निम्म्या स्वतःवरच्या होत्या.

ती तडक बापाच्या खोलीत गेली. हॅस्केट आरशापुढं उभा होता. अंगात काळा शेपटीवाला कोट, मुद्दाम शिवून आणलेला, कापडाला अजून इस्त्रीचा वास. टेबलावर त्यानं कागदाचे तुकडे ओळीनं मांडले होते: हा माशाचा काटा, हा मांसाचा, ही सुरी फळाची. बोटीवरच्या वाढप्याकडून रोज तासभर शिकलो म्हणाला. आता पाठ झालंय.

"एकच सांग पोरी," तो म्हणाला, "बाईमाणसाला हात कोणता द्यायचा? उजवा की डावा? त्या वाढप्यालाही ते माहीत नव्हतं."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. हॅस्केटनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि चाळीस वर्षं माणसं ओळखून कारखाना चालवलेल्या माणसाला दुसरं काही विचारावं लागलं नाही. कागदाचे तुकडे त्यानं गोळा केले आणि खिशात टाकले.

"ताट इथं आलं तरी चालेल मला," तो म्हणाला. "कोट काय, डेटनलाही घालता येईल."

त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. लुएला खिडकीशी जाऊन उभी राहिली. आणि तिथं उभ्या उभ्या तिच्या डोक्यात आकडे आले. चौदा. त्यातून एक गेला तर किती?

हा हिशेब तिला सासूनंच शिकवला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिनं एकदा चुकून तेरा पानं मांडली होती. थोरल्या बाईंनी तेव्हा सगळ्यांदेखत हातातला हातमोजा आपटला होता. तेरा जण एका टेबलावर बसले की त्यातला जो आधी उठतो तो वर्षाच्या आत मरतो, हे या लोकांना बायबलापेक्षा पक्कं ठाऊक असतं. थोरले अर्ल असेच तेरा जणांतून आधी उठले आणि पुढच्या हंगामात घोड्यावरून पडून गेले. पडले तेव्हा ते किती प्यालेले होते, हे कुणी सांगत नाही. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी बाई सुनेकडून पानं दोनदा मोजून घ्यायच्या.

लुएलानं चिठ्ठी लिहिली: डोकं फार दुखतंय, जेवायला येऊ शकत नाही, क्षमा असावी. चिठ्ठी पाठवायची वेळ तिनं नीट निवडली. आठला पाच मिनिटं कमी. मग तिनं बूट काढले, पाय शेगडीपुढं पसरले आणि बापाला म्हणाली, पत्ते आहेत का?

पावणेनऊला नेटी, तिची दासी, धापा टाकत वर आली. तिच्या डोळ्यांत जत्रेला आल्यासारखा आनंद होता. खाली गोंधळ माजलाय म्हणाली. थोरल्या बाईसाहेबांनी तीनदा माणसं मोजली, तिन्ही वेळा तेराच भरली. धाकट्या पाद्र्याला बोलवायला माणूस धाडला, तर तो बहिणीकडं गावाला गेलेला. डॉक्टर एका बाळंतिणीपाशी अडकलाय. इस्टेटीच्या मॅनेजरचा पाय सुजलाय, त्याला बूट चढत नाही. बाईसाहेब म्हणाल्या, बूट नसला तरी चालेल, आणा. पण तो उठेचना. मग, एक माणूस कमी करून बारा करू, असंही निघालं. कमी कुणाला करणार? प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत बसलाय. ड्यूकांनी दोनदा घड्याळ काढलं, आणि सूप परत चुलीवर गेलंय.

"मासा?" हॅस्केटनं विचारलं. त्याला खरंच काळजी वाटली होती.

मासा गेला, नेटी म्हणाली. त्याचा आता लगदा झाला.

पाचच मिनिटांत जर्व्हेस आला. दारातच उभा राहिला. बायको अनवाणी, सासरा नव्या कोटात, मध्ये पत्ते नि खोलीत पाठवलेल्या दोन मटण-चॉपची ताटली. त्याला बोलायचं ते बहुधा जिन्यावर पाठ केलेलं असावं, कारण तो आता ते विसरला.

"ममा म्हणतेय, तू खाली ये," तो म्हणाला. "पाच मिनिटं बस आणि मग डोकं दुखतंय म्हणून ऊठ."

"मी उठले की मागं तेराच उरतील. मग त्यातून आधी कोण उठायचं, तेही सासूबाईंनी ठरवलंय का?"

हॅस्केट खो खो हसला. जर्व्हेसच्या ओठाचा कोपराही हलला.

"तुमचं टेबल चौदाचं आहे," लुएला म्हणाली. "माणूसही चौदावा आहे. हा इथं बसलाय. कोट घालून बसलाय, जर्व्हेस. काट्याचमच्यांची नावं पाठ करून आलाय. तू या छपराखाली दोन हिवाळे कोरडा झोपलास, तेव्हा तरी..."

छप्पर हा शब्द त्या घरात बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. जर्व्हेस सासऱ्याच्या कोटाकडं बघत होता, त्या दोन नखं नसलेल्या बोटांकडं बघत होता. मग त्यानं टाचा जुळवल्या आणि सासऱ्यापुढं मान लवली. "मिस्टर हॅस्केट, आपण माझ्या टेबलावर जेवायला याल का? हे मी काल स्टेशनवरच म्हणायला हवं होतं."

लुएलाला वाटलं, झालं. पण हॅस्केटनं पत्ते खाली ठेवले नाहीत.

"जावईबापू, तुम्ही भले आहात," तो म्हणाला. "पण मला निरोप आला की मी दमलोय. मी दमलोय हे ज्यांनी ठरवलं, त्यांनीच येऊन सांगावं की आता मला बरं वाटतंय."

आणि थोरल्या लेडी थॉर्नकोट आल्या. पाहुण्यांच्या मजल्यावर त्या कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या. हिरे गळ्यात, छातीचा भाता झालेला, एका हातात झगा सावरलेला. खाली ड्यूकांच्या पोटातून आवाज यायला लागला होता आणि तो सगळ्या दिवाणखान्यानं ऐकला होता. त्यापुढं त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी आधी सुनेच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, मग पत्त्यांकडं, मग भिंतीकडं. भिंतीलाच उद्देशून म्हणाल्या, "मिस्टर हॅस्केट, आपली विश्रांती झाली असेल तर आमच्यात एक माणूस कमी पडतोय."

"माणूस कमी पडतोय म्हणून बोलावताय," हॅस्केटनं शांतपणे विचारलं, "की मला बोलावताय?"

खोलीत शेगडीतला कोळसा तडतडला. बाईंनी आता भिंत सोडून त्याच्याकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहत असाव्यात.

"आपल्याला बोलावतेय," त्या म्हणाल्या. एकेक अक्षर दाढ काढल्यासारखं निघालं, पण निघालं.

हॅस्केट उठला. कोटाच्या शेपट्या झटकल्या. "हात कोणता द्यायचा, ते मात्र तुम्हीच सांगा बाईसाहेब."

"उजवा," त्या म्हणाल्या, आणि घेतला.

ज्याला सगळ्यांच्या शेवटी एकटं चालावं लागणार होतं, तो माणूस त्या घरच्या थोरल्या मालकिणीला हाताला धरून मोठा जिना उतरला. खाली ड्यूक, बिशप आणि अॅडमिरल माना वर करून बघत होते. लुएलानं हे कठड्यावरून पाहिलं. तीही खाली जाऊ शकली असती, चौदाचे पंधरा झाले असते. पण रिकामी खुर्ची एकच होती, तिची, टेबलाच्या टोकाची, यजमानिणीची. सगळी कार्डं बदलत बसायला आता कुणाला धीर नव्हता. तिचा बाप तिच्या जागी बसणार होता. ती खोलीत परतली आणि दोन्ही चॉप एकटीनं खाल्ले.

पण थोरल्या बाई घाईत एक गोष्ट विसरल्या होत्या. या लोकांच्या टेबलावर यजमानीण आधी उजवीकडच्या माणसाशी बोलते, आणि अर्ध्या जेवणात मान वळवून डावीकडच्याशी. तिनं मान वळवली की सगळं टेबल वळतं. ती वळेपर्यंत कुणी वळायचं नाही. हॅस्केटच्या उजवीकडं ड्यूक बसले होते. ड्यूकांच्या किल्ल्यात चाळीस वर्षं कुणाला ऊब म्हणून मिळाली नव्हती. हॅस्केटनं विचारलं, धुरांडं किती उंच आहे? आणि ड्यूक बोलायला लागले.

नेटी खाली-वर करून बातम्या आणत होती. हरणाचं मांस आलं, वळले नाहीत. पुडिंग आलं, वळले नाहीत. बिशपबाई मिठाच्या भांड्याशी बोलतायत. थोरल्या बाईसाहेबांच्या एका बाजूला बिशप आहेत, त्यांच्याशी त्यांना बोलायचं होतं. दुसऱ्या बाजूला अॅडमिरल, ते तिसऱ्यांदा तेच वादळ सांगतायत, आणि ओरडून सांगतायत. बाईसाहेबांनी मला खुणेनं विचारलं, काही करता येईल का.

"तू काय केलंस?"

"मी दारातल्या पायरीवर ताठ उभी राहिले, बाईसाहेब, खूण कळलीच नाही अशी."

लुएलानं उशीत तोंड खुपसलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मधूनच ते नुसतंच पाणी झालं, आणि परत हसू झालं.

सकाळी न्याहारीच्या आधी बापलेक बागेत फिरले. गवतावर दंव होतं. हॅस्केटला शांत झोप लागली होती. मंडळी चांगली आहेत म्हणाला, ड्यूक तर अगदी आपल्यातला माणूस, पुढच्या आठवड्यात बोलावलंय त्यानं. फक्त एक कळलं नाही. बाकीचे फारसं बोलत नाहीत गं. निम्मी माणसं अख्खं जेवण गप्पच बसली होती. लाजाळू असतील.

"असतील," लुएला म्हणाली.

"आणि तुझ्या सासूबाई." तो थांबला, जरा लाजला. "सारखी माझ्याकडं बघत होती. डोळा काढला नाही माझ्यावरून. मला वाटतं, मी आवडलो तिला."

लुएलानं बापाचा उजवा हात आपल्या हातात घेतला. खरं काय ते सांगायला ती तोंड उघडणार होती. तेवढ्यात घराच्या ओट्यावरून बटलर आला आणि त्यानं अदबीनं आज रात्रीची बसायची यादी तिच्या हातात दिली. सासूबाईंचं अक्षर. यजमानिणीच्या जागी लुएला, ठळक, दोनदा अधोरेखित. आणि तिच्या डाव्या हाताला, अॅडमिरलचं नाव खोडून: मिस्टर हॅस्केट.

"आज मी तुमच्या शेजारी आहे पपा," ती म्हणाली. "आणि आज मी वळणार आहे."