तीनच्या पुढे

एक.

मी एक जुना माइक आहे आणि मला राग आला आहे.

मित्रांनो, माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सेलूचं हे जिनिंग. इथे कापसातून सरकी निघते आणि उडणारी रुई सगळ्यांच्या नाकातोंडात जाते. माझ्या तोंडात जाऊ नये म्हणून मॅनेजर दिनकररावांनी मला लाल रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. पाहुणे म्हणायचे, "माइक लय जपलाय हो तुमी!" मी फुगायचो.

दोन.

कार्यक्रमाआधी मला तपासायचं काम अपेक्षाचं. ती इथल्या बायकांची सुपरवायझर.

"हॅलो. एक, दोन, तीन."

तीन म्हटलं की दिनकररावांचा हात पुढे. "बास ताई, द्या." मग ते बोलायचे, आणि ती मांडवामागे चहाचं बघायची. तिच्या तोंडचे एवढेच शब्द माझ्या वाट्याला आले.

ऑफिसातही तेच. ती म्हणाली, "साहेब, मशीनच्या पट्ट्याला जाळी बसवा. बायांचे पदर जातेत."

"बघू."

पुन्हा म्हणाली.

"बघू की ताई! मशीन कुठं पळून चाललीय?"

सगळे हसले. मी तिथेच कपाटात होतो, कव्हरात.

तीन.

मशीनवर काम करणाऱ्या पार्वतीबाईंचा पदर पट्ट्यात गेला. पदरामागून हात.

आठवडाही झाला नाही, तोच सुरक्षा सप्ताहाचा समारोप आला. दिनकरराव सकाळपासून एक वाक्य घोकत होते: "यंदा आपल्याकडे एकही अपघात झालेला नाही." ते वाक्य एकदा मालकांच्या, आबासाहेबांच्या कानावर गेलं, की जाळीचा विषय संपला. पट्टा पुन्हा उघडाच फिरणार. आबासाहेब पहिल्या रांगेत होते. पार्वतीबाई सगळ्यांत मागे, हात गळ्यात बांधलेला.

"हॅलो. एक, दोन, तीन."

हात पुढे आला.

चार.

"चार," अपेक्षा म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिच्या तळहाताच्या घामानं मी ओला झालो.

"आबासाहेब, या माइकला कव्हर हाय. पट्ट्याला न्हाई. म्हणून पार्वतीबाईचा हात मोडला. मी आधीच सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा सांगितलं होतं."

"ताई, टेस्टिंग झालं! द्या इकडं!"

"न्हाई झालं, साहेब."

त्यांनी माझी वायर उपटली.

मित्रांनो, तिचे ओठ माझ्यासमोर हलत होते आणि मी मुका होतो. असा संताप मला कधी आला नव्हता. तेवढ्यात बायकांमधून बायनाबाई उठली आणि ओरडली, "बोल गं अपेक्षा, आमाला ऐकू यायलंय!"

अपेक्षा बोलली. माझ्याशिवाय. "जाळी बसल्याबिगर एक बी बाई मशीनला हात लावणार न्हाई."

आबासाहेब वळले. "दिनकरराव, खरंय का हे?"

दिनकरराव हातातली वायर गुंडाळू लागले.

पाच.

दुसऱ्या दिवशी जाळी बसली. पार्वतीबाईंचा हात काही सरळ झाला नाही. म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

आपली कहाणी सांगून झाली की आम्ही जुन्या वस्तू म्हणतो, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला पुष्कळ जपलं, त्याचीच मला लाज वाटते. तुमच्या शाळेतही भाषणाआधी एखादी मुलगी नुसती माइक तपासायला उभी करत असतील. तिचं बोलून होईपर्यंत हात पुढे करू नका.

मी फार जड नाही. ती मला धरू शकते.