हरवलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्यातल्या सुधारणा

सांगलीत अण्णाप्पांच्या हळदीच्या वखारीवर माडी होती. तिथं दर रविवारी छाया मंडळ भरायचं. मंडळ म्हणजे तीन माणसं: हळदीचे व्यापारी अण्णाप्पा, मिरजेत तंबोरे करणारे दादासो आणि ऊसवाले लालासाहेब. एकानं आपण काढलेला फोटो फळीवर लावायचा आणि बाकीच्यांनी सुधारणा सांगायच्या. ज्याचा फोटो, त्यानं सगळ्यांचं बोलून होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. आणि फोटोतला माणूस कोण, हे कुणी विचारायचं नाही. बेचाळीस सालच्या गडबडीनंतर हा दुसरा नियम फारच कडक झाला होता.

पुढच्या वर्षी मंडळात मानसिंग आला.

"काय करता आपण?" अण्णाप्पांनी विचारलं.

"खात्यात हाय."

"कुठल्या?"

"खात्यातच."

त्याचे बूट असे वाजायचे की जिनासुद्धा सावधान उभा राहावा. पहिल्याच रविवारी दादासोंनी तंबोऱ्याच्या भोपळ्यांचा फोटो लावला. मानसिंग नाक लावून बघत राहिला.

"भोपळे झकास. पण मागं दारातनं जातोय त्यो कोण?"

"उजेडाविषयी बोला," अण्णाप्पा म्हणाले.

"उजेड त्याच्या तोंडावर पाहिजे व्हता."

त्या दिवसापासून दादासो फक्त भोपळे आणू लागले. अण्णाप्पांनी सहा पोती आणली, तीही पाठमोरी. लालासाहेब मात्र दर रविवारी जिन्याजवळची जागा धरून बसू लागले. त्यांचा मेहुणा अर्जुना तारा तोडून फरारी झाला होता आणि लालासाहेबांच्याच उसाच्या फडात, खोपटात बसून होता. तो सापडला तर तो तुरुंगात, आणि लालासाहेब त्याच्या शेजारी.

एका रविवारी मानसिंगानं स्वतःचा फोटो लावला.

"आमचा एक पाहुणा हरवलाय," तो म्हणाला. "फोटो छापून गावोगाव लावायचाय. सुधारणा सांगा."

फळीवर अर्जुना होता! लालासाहेबांच्याच लग्नातला. आजूबाजूचं वऱ्हाड कापून टाकलं होतं, पण खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला होता, गुऱ्हाळाच्या चरकात करंगळी गेलेला. लालासाहेबांनी आपला उजवा हात हळूच कोटाच्या खिशात घातला. समोरचा चहा निवत गेला.

नियमाप्रमाणं मानसिंग गप्प होता. पण डोळ्यांना नियम नव्हता. ते एकेका तोंडावर फिरत होते.

"हात खटकतोय," लालासाहेब म्हणाले. "सगळं लक्ष तिकडंच जातं. कापा."

"मिशीनं चेहरा जड झालाय," दादासो म्हणाले. लग्नात त्यांनी अर्जुनाच्या मांडीला मांडी लावून जिलबी खाल्ली होती.

"कानबी कमी करा थोडं," लालासाहेबांनी भर घातली.

अण्णाप्पांनी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेलं. त्यांची पाळी आली तसे बाकीचे दोघं छताकडे बघू लागले. अण्णाप्पांनी फोटो आधी जवळून बघितला, मग लांबून बघितला.

"फोटो वाईट हाय," ते म्हणाले. व्रत शाबूत राहिलं.

मानसिंगानं फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, लालासाहेबांच्याच हवाली केली. काचेवर पेन्सिल चालवून चेहरा सुधारण्यात त्यांचा हात धरणारा सांगलीत कुणी नव्हता. घरी बायको, म्हणजे अर्जुनाची सख्खी बहीण अंजना, शेजारी येऊन बसली.

"आवं, नाकबी सरळ करा. लहानपणापासनं तसलंच हाय. आता आयती संधी आलीया."

पंधरा दिवसांत बाजारात, स्टेशनात, चावडीवर नोटिसा लागल्या. माणूस गोरा, मिशी नाही, नाक धारदार. पकडून देणाऱ्याला इनाम. म्हैसाळकडच्या दोन मुलींच्या बापांनी चौकीत जाऊन मुलाचं शिक्षण विचारलं म्हणे.

अर्जुना भलताच निर्धास्त झाला. फडातनं उठून तासगावच्या बाजारात गेला आणि नोटिशीखाली उभा राहून आपलं वर्णन वाचून आला.

पुढच्या रविवारी मानसिंगानं नवा फोटो लावला. तासगावचा बाजार, भिंतीवर नोटीस, आणि ती वाचणारा माणूस. तिरपा उजेड, तोंड अर्धं वळलेलं, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

"मुंबईच्या प्रदर्शनाला धाडावा म्हणतो," एवढं बोलून मानसिंग गप्प बसला.

दादासो म्हणाले, "भोपळा असता तर बरं झालं असतं."

अण्णाप्पांचे डोळे भरून आले. "मला एकबी दोष दिसत न्हाई वो."

लालासाहेबांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. "माणूस जास्त झालाय," ते म्हणाले. "माणूस काढा. नोटीस एकटीच पाहिजे."

मानसिंगानं हळदीची पोती उसवायची कात्री उचलली. फोटो मधोमध कापला. नोटीस स्वतःच्या खिशात घातली आणि माणूस लालासाहेबांच्या हातात दिला.

"सूचना पटली. मंगळवारी आमच्या खात्याची मंडळी तुमचा ऊस बघाय येणार हायत. त्यास्नी फोटोतलं काय कळत न्हाई, पर माणूस कळतो."

बूट जिना उतरून गेले.

"सापळा हाय," दादासो कुजबुजले. "अर्जुनाला हलवाय निघालात की वाटंत धरणार."

"आन् न्हाई हलवला तर?"

"तर मंगळवारी धरणार."

लालासाहेबांनी अण्णाप्पांकडे बघितलं. "तुमाला काय वाटतं?"

"त्यानं इतका चांगला फोटो कापला गड्या," अण्णाप्पा म्हणाले. "सापळ्यासाठी कोण कापंल?"

ह्या एवढ्याशा पुराव्यावर अर्जुना सोमवारी भर दुपारी अण्णाप्पांच्या गाडीत हळदीच्या पोत्यांमागे बसून फलटणकडे निघाला. वाटेत कुणी धरलं नाही. त्यामुळं लालासाहेबांचा संशय आणखीच वाढला.

मंगळवारी मंडळी आली. बांधावरचं प्रत्येक खोड हलवून बघितलं. खोपटात एक रिकामं बाजलं निघालं. मानसिंगानं पिशवीतनं कॅमेरा काढला, दारात टेकून डोळा लावला.

"लालासाहेब, जरा बाजूला व्हा. उजेड चांगला हाय."

लालासाहेब बाजूला झाले. पण त्याच्याकडं पाठ मात्र केली नाही.