रक्तातली जुनी खूण

श्रावण लागला आणि मुळगावच्या एका वाड्यावर, छोट्या वस्तीतल्या वीस-बावीस घरांत, डेंगी शिरला. आधी कृष्णनाथांच्या भाड्याच्या खोलीत राहणारी वर्षा तापाने फणफणली, मग शेजारचे दोघे. वर्षाचा नवरा विनायक बेळगावकडचा, सेंटरिंगचं काम करणारा. फेब्रुवारीतच तो बायको-मुलीला घेऊन इथे आला होता. झालं! "बाहेरच्या माणसांनीच हा ताप आणला," असं जो तो म्हणू लागला. शेवटी कृष्णनाथांनी विनायकला सांगून टाकलं, "रविवारपर्यंत खोली रिकामी कर."

"तिला अजून उभंसुद्धा राहवत नाही, मालक," एवढंच विनायक बोलला.

दुसऱ्याच दिवशी कृष्णनाथांची भाची सेजल आली. विद्यापीठात ती विषाणूंवर संशोधन करायची. डेंगीशी माणसाचं शरीर कसं झुंजतं, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. रीतसर परवानगी घेऊन, नर्सला सोबत घेऊन ती रक्ताचे नमुने गोळा करायला आली होती. खोलीचा प्रकार मामीकडून कळताच ती तडक मामांसमोर उभी राहिली.

"मामा, ताप कोणी आणला हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

"सगळेच म्हणतात गो!"

"मग सगळ्यांचं रक्त काय म्हणतं तेही विचारूया. पंधरा दिवस थांबा."

भाचीचा शब्द मोडवेना. कृष्णनाथ थांबले. पण रक्त द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा प्रभावतीमामींनी हात पुढे केला. "घे बाय, माझं घे. आणि यांचंही घे. हे सुईला भितात!" पुढच्या सोप्यावर, ओसरीत जमलेल्या शेजाऱ्यांत हशा पिकला. बघता बघता एकतीस जणांनी रक्त दिलं. त्यात विनायकचं कुटुंबही होतं.

पंधरा दिवसांनी सेजलने ज्याचा अहवाल त्याच्या हातात दिला आणि सगळ्यांना सोप्यावर बसवलं.

"विषाणू अंगात शिरला की शरीर लढायला प्रतिपिंडं तयार करतं. ताज्या लढाईची खूण वेगळी, जुन्या लढाईची वेगळी. जुनी खूण वर्षानुवर्षं राहते. इथल्या चौदा जणांच्या रक्तात ती सापडली. नावं मी सांगणार नाही. पण डेंगी या वाड्यावर आधीपासूनच आहे!"

कोपऱ्यात बसलेली वर्षा हळूच म्हणाली, "माझं मीच सांगते. माझ्या रक्तात फक्त ताजी खूण आहे. आमच्या घरात जुनी कुणालाच नाही. मला हितंच चावला की डास!"

कृष्णनाथांनी आपला कागद पुन्हा वाचला. तीन वर्षांपूर्वी त्यांना आठवडाभर ताप आला होता. पावसात भिजल्याचा म्हणून त्यांनी तो अंगावर काढला होता. कागद घडी करून खिशात टाकला असता तर कोणाला कळलं असतं? पण ते उठून उभे राहिले.

"त्या चौदांतला एक मी! आणि घर सोडायला सांगितलं ते हिला!"

"मामा," सेजल म्हणाली, "जुनी खूण असलेल्यांना दुसऱ्या प्रकारचा डेंगी झाला, तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. म्हणून माणसांकडे बोट दाखवू नका. साचलेलं पाणी शोधा."

सगळे उठले. सर्वांत जास्त अळ्या कुठे वळवळत असाव्यात? कृष्णनाथांच्याच परसातल्या, पन्हळीखालच्या पिंपात!

"अरे देवा! हे तर माझंच पिंप!" कृष्णनाथ इतक्या जोरात ओरडले की त्यांनाच हसू फुटलं. पिंप आडवं झालं, करवंट्या उपड्या पडल्या, ताडपत्र्या झटकल्या गेल्या. विनायकने प्रत्येक पिंपाला जाळीचं झाकण ठोकून दिलं.

"चुकलो रे, विनायका," कृष्णनाथ त्याचा हात धरून म्हणाले. "खोली सोडायची नाही. आणि गणपतीत, चवथीला, आमच्याकडेच जेवायचं."

चवथीला विनायकने गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधली. वर्षा मामींबरोबर करंज्यांसारख्या नेवऱ्या तळत बसली आणि तिच्या मुलीने निम्म्या तिथेच संपवल्या. वाड्यावर नवा ताप नव्हता.

वाचकहो, आजार आला की आपण आधी परका माणूस शोधतो. डास गाव विचारून चावत नाही! शोधायचंच असेल तर आपल्या परसापासून सुरुवात करूया. अभ्यास करणाऱ्याला रक्ताचे चार थेंब आणि शेजाऱ्याला विश्वास, एवढं तर आपल्यापैकी कोणीही देऊ शकतो.