एकाच रंगाचं पाणी

१९७४ साली सरकारने नदीवर पूल बांधायला घेतला, गावाबाहेर मजुरांचे तंबू पडले आणि थोरलीच्या लाँड्रीत कपड्यांचे ढीग छताला टेकले. नवरा गेल्यापासून थोरली, दीर आणि धाकटी जाऊ मिळून लाँड्री चालवत. आठवड्यातून दोनदा इस्पितळाच्या चादरी यायच्या, त्यावरच इतकी वर्षं घर चाललं होतं.

आता गल्लीत सात नवी दुकानं उघडली. लोकांनी माळेसुद्धा भाड्याने दिले. सरकारने एक रुपया घातला की गावात तीन फिरतात, असं पेपरात आलं. दिराने ते कात्रण गल्ल्यावर चिकटवलं.

"वहिनी, इस्पितळाला नाही म्हणून कळवा. चादरींतच अर्धा दिवस जातो. दोन मोठी मशीनं घेऊ."

"आणि पूल झाल्यावर?"

"तेव्हा तर खरी चलती! तुम्हाला ना, चांदण्यातसुद्धा छत्री लागते."

धाकटी फिसकन हसली. थोरलीही हसली, पण तिची नजर हौदावर होती. पूर्वी पाणी सोडलं की गॅरेजवाल्याचं तेल, मास्तरांची शाई, बेकरीचं पीठ वेगवेगळं ओळखू यायचं. आता प्रत्येक हौदातून एकच राखाडी पाणी निघत होतं. न्हाव्याच्या टॉवेलांतून सिमेंट, नव्या वाण्याच्या गादीच्या खोळीतूनही सिमेंट. सगळ्यांचं गिऱ्हाईक एकच होतं, पुलावरचा मजूर.

"भावजी, हे पाणी बघा जरा. अख्ख्या गावाचा मळ एक झालाय."

"मळ बघून कुणी धंदा करतं का?"

"आपण नाही बघायचा तर कुणी?"

दीर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. शेवटी घरातली शांतता सोसेना, म्हणून तिने इस्पितळाला नकार कळवणाऱ्या पत्रावर सही केली आणि मशीनं मागवली. त्याच संध्याकाळी मोरीत पाणी तुंबलं. तिने काठी घातली, तर आत काहीतरी टणक लागलं. नळीत सिमेंट धरत चाललं होतं.

दोन वर्षांनी पूल झाला. महिनाभरात मजुरांचे तंबू उठले, मग दुकानं मिटली. हौदातून स्वच्छ पाणी वाहायला लागलं, कारण धुवायला काही नव्हतं. इस्पितळाने चादरी केव्हाच दुसऱ्याला दिल्या होत्या.

पेपरातलं खोटं नव्हतं. रुपयाचे तीन झाले, पण पलीकडच्या काठावर. दीर तिथल्या गिरणीत लागला आणि निवृत्त होईपर्यंत रोज त्याच पुलावरून पायी गेला. धाकटीने त्या दुसऱ्याकडे इस्पितळाच्याच चादरींना इस्त्री केली. मशीनं भंगारात गेली. थोरली ऐंशी वर्षं जगली. दिराला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. नळीत सिमेंट धरलेली ती मोरी मात्र तिने कधीच फोडू दिली नाही.