सगुणामावशीचं कानाचं यंत्र आणि मी

मित्रांनो, पेणच्या बाजारपेठेत कानाच्या यंत्रांचं एक छोटं केंद्र आहे. तिथल्या टेबलावरचा जुना संगणक तो मीच. माझा कळफलक पिवळा पडला आहे, पंखा कुरकुरतो, आणि खरं सांगायचं तर हल्ली मीही कुरकुरतो.

माझं डोकं जन्मापासून चौसष्ट बिटांचं. पण केंद्र चालवणाऱ्या नूतनताईंनी माझ्यावर बत्तीस बिटांची प्रणाली घातली होती. म्हणजे एका खेपेत दुप्पट ओझं उचलायची ताकद असून मी निम्मंच उचलायचो. याला कारण होतं. जुन्या कानयंत्रांचा आवाज कमीजास्त करणारा प्रोग्रॅम बत्तीस बिटांवरच चालायचा, आणि तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

त्या जुन्या यंत्रांपैकी एक सगुणामावशीचं. ती वडखळजवळच्या खाडीकाठची, मिठागरात राबलेली. तिचा मुलगा मिथुन आणि सून प्रतिक्षा रोह्याला कंपनीत शिफ्ट करतात, म्हणून नात किमया मावशीपाशीच वाढत होती. कान आणखी मंदावले की मावशी यायची, यंत्र काढून द्यायची आणि ताईंनी ते तारेने मला जोडलं की त्यांना म्हणायची, "बाय, वाढव गो जरा." मी आवाज वाढवायचो. तिचा चेहरा उजळला की मला फार बरं वाटायचं.

पुढे नवी यंत्रं आली. त्यांचे प्रोग्रॅम चौसष्ट बिटांशिवाय सुरूच होईनात. गिऱ्हाईक परत जाऊ लागलं, तेव्हा नूतनताईंनी प्रणाली बदलायचं ठरवलं. दिवस निवडला दसऱ्याचा, कारण त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मला पुसून हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बळी देण्याआधी बोकडालाही माळ घालतात, हे तेव्हा मला सुचलं नाही.

दसऱ्याला सकाळी दुरुस्तीवाला प्रविण आला. म्हणाला, "ताई, जुनी शिस्टम बाजूला ठेवू काय? दोन्ही चालतील. जुना प्रोग्रॅम नवीनवर चालायचा नाय."

"तो आता कोण वापरतंय? वर्षभर कुणी आलं नाय," ताई म्हणाल्या. "दसऱ्याला जुना कचरा ठेवू नये. पूस सगळं."

केंद्र बंद होतं. जुनं यंत्र जोडून बघायला कोणी गिऱ्हाईकही नव्हतं. जुनं ते सोनं म्हणतात, पण सोनं असं कोणी पुसून टाकत नाही. मी वेगवान झालो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

दिवाळीनंतर कान आणखी मंदावले म्हणून सगुणामावशी आली. सोबत मिथुन आणि नुकती बोलू लागलेली किमया. मावशीने यंत्र काढून टेबलावर ठेवलं. ताईंनी तार जोडली, पण मला ते यंत्र ओळखताच येईना. ताईंनी प्रविणला बोलावलं. त्याने बत्तीस बिटांची प्रणाली परत घातली, पण पुसलेला प्रोग्रॅम काही परत आला नाही. ताईंनी चार ठिकाणी फोन केले. वरातीमागून घोडे. तो प्रोग्रॅम कुणाकडेच उरला नव्हता.

"नवीन मशीन घेऊ, पण आता लगेच नाय जमायचा," मिथुन खाली बघत म्हणाला. मग आईच्या कानाशी वाकून मोठ्याने बोलला, "आये, तवर किमयाला रोह्याला नेतो. पाळणाघरात ठेवू. ती पडली, रडली, तर तुला कळायचा नाय."

मावशीने हे मात्र ऐकलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझ्या वेगाची लाज वाटली.

मित्रांनो, नवीन जरूर घ्या. त्याशिवाय माझंही भागत नव्हतं. पण जुनं पुसण्याआधी ते कुणाला लागतं याची विचारपूस करा, आणि जागा असेल तर कोपऱ्यात राहू द्या. त्या दिवशी निघताना किमया दारातून म्हणाली, "आजी, मी जाऊ?" मावशी पाठमोरी उभी राहून पिशवी आवरत होती. पोरीने तीनदा विचारलं, आणि मग ती बापाचा हात धरून निघाली.