अमेरिकेने दुरुस्त केलेला शेवट

माझं बोलणं आमच्या यांच्या, म्हणजे चेतनच्या, कानात शिरत नाही, म्हणून मी त्यांना एक सिनेमा पाहायला सांगितला. कोरियन. त्यातल्या बाईला परगावी नोकरी लागते, नवरा दरवेळी "बघू" म्हणतो, आणि शेवटी ती एकटीच निघून जाते. मलाही अमरावतीच्या कॉलेजात नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. मी खरंच जाणार आहे, एवढं एकदा त्यांच्या डोक्यात शिरायला हवं होतं.

"पाहिला वं तुहा पिक्चर," चेतन जेवताना म्हणाले. "रडलो मी."

मला इतका आनंद झाला की वाढायचं विसरले.

"तो कुत्रा लय गोड आहे."

कोरियन सिनेमात कुत्रा नाही.

"कोणता पाहिला तुम्ही?"

"त्याचाच हॉलिवूडवाला. हिंदीत आहे. तुह्या त्या पिक्चरमध्ये खाली वाचत बसा लागते. माल तोच वं, पोत्याचा बारदाना बदलला फक्त."

नागपूरच्या कळमना बाजारात आमची धान्याची अडत आहे. मूठभर गहू तळहातावर घेऊन अख्ख्या ढिगाचा भाव सांगणारा माणूस, सिनेमाही त्याने तसाच पारखला.

"शेवटी काय होते त्यात?"

"नवरा स्टेशनवर पळत जाते, सगळ्यांसमोर बोलते, बायको गाडीतून उतरते. पब्लिक टाळ्या वाजवते."

"खऱ्या पिक्चरमध्ये ती वापस नाही येत."

"मंग अमेरिकावाल्यांनी दुरुस्त केलं ना! काहून चिडून राहिली?"

कपाळावर हात मारावा तर हात खरकटा. मूळ सिनेमात नवरा शेवटी रिकाम्या घरात नुसता बसून राहतो. त्या बसण्यासाठीच तर मी तो निवडला होता. तिकडच्या लोकांना ते सोसवलं नाही. त्यांनी कुत्रा घातला, टाळ्या घातल्या, आणि इथे नागपुरात, नंदनवनातल्या आमच्या घरी, माझा नवरा निश्चिंत झाला.

"अहो, मी खरंच जाऊन राहिली."

"हो ना, जाय ना," म्हणाले, आणि आणखी एक पोळी मागितली.

रविवारी मी बॅगा भरत होते. चेतन दारात आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"गाडी किती वाजता आहे? स्टेशनवर येतो मी. काय बोलाचं ते पाठ करून ठेवलं आहे."

चेहऱ्यावर एवढा भरवसा होता की मला रागही येईना. रडूच आलं.

"या," मी म्हटलं. "बॅगा जड आहेत."